शुक्रवारचे अब्बा

शुक्रवारी दुपारी बेल वाजली तेव्हा अंबरीनने लगेच दार उघडलं नाही. हातातला पेला विसळला, पालथा घातला, ओढणी सारखी केली आणि मग ती गेली. दारात अब्बा उभे होते. पांढराशुभ्र झब्बा, डोक्यावर टोपी, दाढी नुकती कातरलेली, एका हातात सुरमईची पिशवी आणि दुसऱ्या हातात लिंबं. अब्बा, म्हणजे हुसैनमियाँ, मस्कतपासून दूर सहम गावात गाद्या-पडद्यांचं दुकान चालवत. शुक्रवारी सकाळी शेअर टॅक्सीने निघून मस्कतला यायचं, अल् घुब्रातल्या मशिदीत जुम्म्याची नमाज पढायची आणि मग लेकीकडे जेवायला, असा त्यांचा रिवाज होता. "काय गो बाय," ते म्हणाले, "दार उघडायला पण तुमच्याकडे व्हिसा लागता काय?" ती हसली. त्यांच्या हातातून पिशवी घेताना त्यांची बोटं गार लागली, पण मासळीबरोबर बर्फ असतोच. तिची लेक नूरैन आतून धावत आली आणि तिच्या शाळेतल्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "नाना, तू लेट आली." "आली? मी काय तुझी नानी हाय?" नानांनी तिचा कान धरला. सोफ्यावर लोळत पडलेला अमीन उठून बसला, सलाम केला, तर त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "जावईबापू, रुसैलच्या गोदामात बसून बसून पोटाचा पण गोदाम केलात." अमीन म्हणाला, "अब्बा, माल तुमच्या लेकीचाच आहे." सगळे हसले. दुपार नेहमीसारखी सुरू झाली. एसीची घरघर, पलीकडच्या फ्लॅटमधल्या कुणाच्या तरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, तळणीत पडल्यावर सुरमईचा येणारा तो एकच वास, ज्यानं कुठलंही भाड्याचं घर घर होतं.

जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तिचे कागद पसरलेले होते, ते तिने एका बाजूला सारले. अब्बांनी बसता बसता त्यातला एक उचलला, लांब धरून पाहिला. कागदावर एक फोटो होता. काळ्यावर निळसर-पांढरा, मधोमध उजळ आणि कडेला विरत गेलेला एक गोळा. "अजून तेच? ते ताऱ्यांचे घोळके?" त्यांनी विचारलं. तारे नाहीत अब्बा, ती म्हणाली, दीर्घिका. एकेकीत अब्जावधी तारे, आणि अशा शेकडो दीर्घिका जिथे एकत्र बांधलेल्या असतात तो समूह. "बरा. मग त्यांचा काय बिघडला?" त्यांचं काही बिघडलेलं नाही, तिने सांगितलं, आमचं बिघडलंय. त्या समूहात तापलेला वायू असतो, त्यातून क्ष-किरण निघतात, आणि जे जास्त चमकतात तेच दुर्बिणीला दिसतात. आम्ही दिसतात त्यांनाच मोजतो आणि म्हणतो, सगळे असेच असणार. अब्बा भातावर लिंबू पिळत होते. "आमच्या दुकानात पण तेच गो. चकचकीत पडदा दाराशी टांगायचा. आत काय हाय ते आत." "आणि गिऱ्हाईक आत आलं तर?" "नाय येत. सगळ्यांना घाई असता." त्यांनी निम्मा भात खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं, रस्त्यात बरक्याला थांबलो होतो, करक चहा घेतला दोन कप, म्हणाले. नूरैनने त्यांच्या ताटातला माशाचा तुकडा पळवला. असरच्या नमाजाआधी ते निघाले. अमीन त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेला. दारातून वळून ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी बांगडे आणतो. इन्शाल्ला." तिने मान हलवली, दार लावलं, कागद पुन्हा टेबलभर पसरले.

शनिवारी सकाळी हसनचा फोन आला. सहमला अब्बांच्या शेजारच्या गाळ्यात हसनचं शिलाईचं दुकान. मूळचा श्रीवर्धनचा, अब्बांच्या पडद्यांना झालरी तोच लावायचा. तो नाव न घेता एवढंच म्हणाला, "बाय, गाडीत बसा. अमीनभाईंना गाडी चालवायला सांगा, तुम्ही नका चालवू." ते ऐकून तिला सगळं कळलं, पण कळलेलं आत उतरायला हायवेवरचा अर्धा रस्ता जावा लागला. एका बाजूला समुद्र असणार, तो दिसत नव्हता, दुसऱ्या बाजूला डोंगरांची धुरकट रेघ, आणि मध्ये ट्रक, खजुराची झाडं, पेट्रोल पंप, पुन्हा ट्रक. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस अंगात पाणी साठत असणार, तेही म्हणाले, पण ते वाक्य तिने त्या दिवशी ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं. असरनंतर सहमच्याच कब्रस्तानात दफन झालं. बायका घरात थांबल्या. तिने चेहरा पाहिला होता. तो कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटला होता, आणि मरणानं चेहरा बदलतो म्हणतात तसंच असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

नंतरचे आठवडे फोनवर गेले. अम्मी रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या गावात होती. गुडघ्यांमुळे तिने ओमान सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि आता ती इद्दतीत बसली होती. नवरा गेलेल्या बाईने ठरलेले महिने घराबाहेर पडायचं नसतं, त्यामुळे तिला ना सहमला येता आलं, ना कबरीवर माती घालणाऱ्यांच्या घरी जाऊन विचारता आलं. जे विचारायचं ते फोनवर. रोज दुपारनंतर फोन यायचा आणि अम्मी आपल्या लेकीला शेवटचा शुक्रवार पहिल्यापासून सांगायला लावायची. काय जेवले. कुठे बसले. झब्बा कुठला होता. नूरैनशी काय बोलले. अंबरीन सांगायची, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात यायचं की ती गोष्ट रोज थोडी अधिक उजळ होतेय. निम्मा भात आता पुरता भात झाला होता. गोदामाची थट्टा ऐकून अम्मी फोनवर हसायची, आणि एकदा हसता हसता तिला ठसका लागला, तेव्हा अंबरीनने दुसऱ्या दिवशी आणखी एक थट्टा सांगितली, जी त्या शुक्रवारची नव्हतीच, मागच्या कुठल्या तरी ईदची होती. "मंजे खुश होते," अम्मी म्हणायची. "हो, खुश होते." "आजारी नव्हते." "नाही." "अल्लाने हालहाल नाय केले." यावर अंबरीन काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं अम्मी होकार धरायची.

लेख सुधारून पाठवायचा होता. मस्कतच्या एका कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, आणि उरलेल्या वेळात परदेशातल्या एका गटाबरोबर हे काम करायची. प्रत्यक्षात कुणाला न भेटता, पडद्यावरच्या चौकटींतून. त्यांनी संगणकात एक विश्व चालवलेलं होतं. एका मोठ्या खोक्यात कृष्णद्रव्य आणि वायू भरायचा, गुरुत्वाकर्षणाला मोकळं सोडायचं, आणि अब्जावधी वर्षं पुढे ढकलत न्यायची. मग त्यात समूह जमत जातात, एकमेकांवर आदळतात, एकमेकांत मिसळतात. खऱ्या आकाशापेक्षा या खोक्याचा फायदा एवढाच की इथे प्रत्येकाचं खरं वजन ठाऊक असतं. काहीच लपत नाही. मग मुद्दाम डोळे अधू करून घ्यायचे. दुर्बिणीला हे विश्व कसं दिसलं असतं त्याचं खोटं चित्र बनवायचं, त्यात यंत्राची खरखर मिसळायची, एक उंबरठा ठरवायचा आणि त्याच्या वर जे चमकतात तेवढे उचलायचे. शेवटी उचललेले आणि राहिलेले शेजारी ठेवून बघायचं, काय निसटलं. तिला आठवलं, पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती दिवसभर त्या दोन चित्रांसमोर बसली होती. दोन समूह, वजन जवळपास सारखं. एक गोल, शांत, मधोमध थंड होत आलेला दाट वायू, त्यामुळे दिव्यासारखा उजळ. दुसऱ्यात दोन गाभे एकमेकांत शिरत होते, वायू ढवळून निघाला होता, लांबवर पसरला होता, आणि पसरल्यामुळे कुठेच पुरेसा उजळ नव्हता. पहिला निवडला गेला. दुसरा गेला नाही. त्यांच्या क्षेत्रात अशांना दोन शब्द आहेत, निवांत आणि अस्वस्थ, आणि ते शब्द तिने हजारदा टाइप केले होते, जसं कुणी मीठ नि साखर लिहितं. आता मासिकाकडून लेख तपासणाऱ्याने लिहिलं होतं की लेखात निवडलेल्यांबद्दल भरपूर आहे, पण न निवडल्या गेलेल्यांबद्दल लेखक काहीच बोलत नाहीत. ते कसे आहेत, हे त्यांना तर ठाऊक आहे. त्या शेवटच्या वाक्यात थोडा टोमणा होता. ती ते वाक्य वाचायची आणि लॅपटॉप मिटायची. चहा ठेवायची. परत येऊन पुन्हा तेच वाचायची.

मंगळवारी ती एकटी सहमला गेली. अमीन रुसैलला, नूरैन शाळेत. अब्बांची खोली रिकामी करून किल्ली द्यायची होती. हायवेवर कधीतरी तिच्या लक्षात आलं की मंगळवारी ती सहमला कधीच गेलेली नाही. जायची ती ईदला, किंवा एखाद्या सुटीच्या दिवशी, आधी फोन करून. तेव्हा दुकान झाडलेलं असायचं, दाराशी नवे पडदे, अब्बा इस्त्रीच्या कपड्यांत खुर्चीत, टेबलावर कहवा आणि खजूर तयार. एरवी अब्बाच यायचे. आणि यायचे नाहीत तेव्हा फोन करायचे, गुरुवारी, खणखणीत आवाजात. बाय, या शुक्रवारी जमत नाय, अर्बाब येणार हाय हिशेबाला. अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर दुकान तो मालक. ती म्हणायची, बरं अब्बा, पुढच्या वेळी. आणि अशा रिकाम्या शुक्रवारी तिला, आता ती स्वतःशी कबूल करत होती, थोडं हलकंही वाटायचं, की आज पूर्ण दुपार लेखावर काम करता येईल. त्या रिकाम्या शुक्रवारांची तिने कधी मोजदाद केली नव्हती. जे आले ते शुक्रवार म्हणजे अब्बा. जे आले नाहीत ते म्हणजे अर्बाब.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. हसन आत स्टुलावर बसून कुणाच्या तरी दिशदाशाची, लांब अरबी झग्याची, किनार उसवत होता. त्याने उठून सलाम केला, तिला खुर्ची दिली, शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला. मंगळवारच्या उजेडात दुकान लहान दिसत होतं. गाद्यांच्या थप्प्यांवर प्लास्टिक होतं आणि प्लास्टिकवर बारीक पिवळसर धूळ. दाराशी टांगलेल्या पडद्यांचे खालचे काठ उन्हाने विटले होते. "अर्बाबला कळवलं असेल ना तुम्ही?" तिने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. "दुकान बंद करायचं तर त्याला सांगावं लागेल. दर महिन्याला येत होता ना तो."

हसनने उसवणं थांबवलं. "कोण, अर्बाब? त्याला जाऊन वर्ष झाला, बाय. तुमचे अब्बा जनाज्याला पण गेले होते."

"मग हिशेबाला कोण यायचं?"

"कोणी नाय. मुलगा हाय त्याचा, तो दुबईत. फोनवरच खलास." तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते समजलं असावं. शिलाई करणाऱ्या माणसाची सवय असेल, कपडा कुठे ओढला जातोय ते बघायची. तो मान खाली घालून हसला, वाईट वाटून हसतात तसं. "तुम्हाला तसा सांगायचे? मेलेल्या माणसाला लय कामाला लावलान म्हाताऱ्याने."

मग त्याने सांगितलं. सगळं नाही, आणि एकदम नाही. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याला अरबीतून उद्या या म्हणून लावून दिलं, मध्ये सुई शोधली. आठवडाभर अब्बा कसे असायचे ते. शटर वर ढकलायला हसनच यायचा. दुपारी पाय सुजलेले असायचे, ते दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसायचे. बुधवारपासून तयारी सुरू. गुरुवारी दुपारनंतर गिऱ्हाईक आलं तरी उठायचे नाहीत, म्हणायचे, हसन, तू बघ, मला उद्या मस्कतला जायचं, दम साठवतो. दम साठवतो, हे शब्द हसनने अब्बांच्याच स्वरात म्हटले आणि स्वतःच दचकल्यासारखा थांबला. "शुक्रवारी सकाळी बरा वाटला तर जायचे. नाय वाटला तर तुम्हाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेला असायचा. अंदाज यायचा त्यांना. माणसाला आपल्या शरीराचा अंदाज येता." "डॉक्टर?" "गोळ्या होत्या. पाणी काढायच्या. टॅक्सीत अडचण होता म्हणून शुक्रवारी खायचे नाय." तिने चहा उचलला, तो निवला होता, तरी प्यायली. "मला फोन का नाही केला तुम्ही?" ती म्हणाली, आणि स्वर वाटला त्यापेक्षा कडक आला. हसनने राग मानला नाही. "कसा करणार? कसम घातलेली. आणि तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला दिसतच असेल असा वाटला."

खोली दुकानाच्या मागे होती. तिला वाटलं होतं तशी ती भयाण नव्हती. नमाजाची चटई घडी करून ठेवलेली, शेगडी पुसलेली, खिडकीला दुकानातलाच एक निळा पडदा. पलंगावर चादर एकही सुरकुती नसलेली. पलंगाशेजारी एक लाकडी खुर्ची होती, आणि तिच्या पाठीला, दोन्ही बाजूंना, बसायच्या जागेवर लोड नि उशा अशा लावलेल्या होत्या की मधोमध माणसाच्या आकाराची पोकळी उरली होती. ते काय आहे ते कळायला तिला थोडा वेळ लागला. आडवं झाल्यावर श्वास कोंडायचा म्हणून अब्बा बसून झोपत होते. गाद्यांच्या दुकानात. ती पलंगावर बसली, खुर्चीत बसवेना. बाहेर हसनचं मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिला लेखातलं वाक्य आठवलं, तिचंच, उंबरठ्याच्या आसपासचे समूह नेमके उजळ क्षणी निवडले जातात, त्यामुळे नमुन्याची सरासरी प्रत्यक्षापेक्षा उजळ येते. किती सफाईदार वाक्य होतं. त्यात कुणी दम साठवत नव्हतं. समूहांना आपण दिसतो की नाही याची फिकीर नसते, दुर्बिणीसाठी ते दाढी कातरून बसत नाहीत, आणि इथेच तिचं सगळं गणित माणसापुढे अपुरं पडत होतं, असं ती स्वतःला सांगू लागली. दोष त्यांनी केलेल्या निवडीचा. त्यांनीच चांगले तेवढे दिवस पाठवले. मी काय करणार होते, मला जे दिसलं त्यावरून. हा विचार जवळजवळ पुरा झाला होता. थोडा वेळ ती त्यात बसूनही राहिली, सावलीत बसावं तशी.

पण तिला दिसलं होतं. त्या शुक्रवारी लिफ्ट बंद होती. खिडकीतून तिने त्यांना टॅक्सीतून उतरताना पाहिलं होतं, आणि बराच वेळ ते वर आले नाहीत म्हणून ती दार उघडून जिन्याशी गेली होती, कठड्यावरून खाली वाकली होती. दोन मजले खाली, पायरीवर, अब्बा बसलेले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. वरून त्यांचं टक्कल दिसत होतं, घामाने ओलं, आणि खांदे, जे श्वासाबरोबर वर जात होते आणि वरच राहत होते. तोंड उघडं होतं. पिशवीतलं बर्फाचं पाणी पायरीवरून खाली ओघळत होतं आणि त्यांचा झब्बा भिजू नये म्हणून त्यांनी तो एका हाताने गोळा करून धरला होता. ते भिंतीकडे बघत होते. त्यांना ती दिसली नाही. हाक तिच्या तोंडाशी आली. मग तिला वाटलं, नको, ओशाळतील. तिच्यासमोर ते कधी असे बसलेले नव्हते. तिचं लग्न ठरलं तेव्हाही, त्यांची बहीण, फुफू, वारली तेव्हाही, ते उभेच होते. तिने वाकलेलं अंग मागे घेतलं, चपला न वाजवता घरात आली, आणि कडीचा आवाज होऊ नये म्हणून दार हाताने धरून लावलं. मग ओट्याशी जाऊन पेला विसळत उभी राहिली, ते बरे होऊन येईपर्यंत.

अदब होती ती. त्यांच्या घरात माणसाची पडती वेळ आपल्याला दिसली हे त्याला कळू न देणं हे प्रेमच मानत. अम्मीही करायची तेच. अब्बांचा धंदा बसला होता त्या वर्षी ती मुद्दाम जेवणाच्या वेळी शेजारी निघून जायची, त्यांना एकट्याला ताटावर रडता यावं म्हणून. अंबरीन ते बघत मोठी झाली होती. पण अदब एवढीच होती का, हे तिला आता, या बिनसुरकुतीच्या चादरीवर बसून, खात्रीने सांगता येईना. हाक मारली असती तर ती दुपार वेगळी झाली असती. हॉस्पिटल, फोन, सहमचं दुकान, कोण कुठे राहणार, अमीनशी बोलणं. दार लावलं आणि दुपार ठरल्याप्रमाणे झाली. तिला ती तशीच हवी होती. कदाचित दोन्ही खरं होतं, एकमेकांत शिरलेलं, वेगळं न काढता येणारं. आणि हे पहिल्यांदाही नव्हतं. फोनवर बोलता बोलता मध्येच ते "थांब हां, गिऱ्हाईक" म्हणायचे आणि पलीकडून गिऱ्हाइकाचा आवाज यायचा नाही, नुसता श्वास यायचा, आणि ती थांबायची, ते परत बोलू लागेपर्यंत, समजूतदारपणे.

अम्मीचा फोन आला तेव्हा तिने तो पहिल्यांदा वाजू दिला. मग उचलला. गावाकडे पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता.

"पोचलीस? खोलीत हायस?"

"हो."

"कशी हाय खोली? साफ हाय ना? त्यांना घाण चालायची नाय."

"साफ आहे, अम्मी. चादर पण नीट घातलीय."

"मग. मी सांगत होते त्या शेजारच्या जमीलाला. ती बोलते, म्हाताऱ्या माणसाचे एकट्याचे हाल झाले असतील. मी बोलले, माझी लेक दर जुम्म्याला बघत होती त्यांना. ती सांगते ना, हसत होते, जेवत होते." कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. मग अम्मीचा आवाज जरा खाली आला. "हसत होते ना गो?"

अंबरीनने खुर्चीतल्या पोकळीकडे पाहिलं. अम्मीकडे आता तेवढंच होतं, एक हसता, जेवता, झब्बा घातलेला माणूस, आणि ती त्याला घरात घेऊन बसली होती, महिने काढायला. तो काढून घ्यायचा अधिकार कुणाला होता. हो म्हणणं सोपं होतं. रोज म्हणत होतीच. पण मग हा इथला, बसून झोपणारा, सुजलेले पाय वर ठेवून गुरुवार काढणारा, कुणाचा होता? हसनचा? त्याचं वजन तेवढंच होतं. किंबहुना आठवड्यातले जास्त दिवस तोच होता. अम्मीने त्या माणसाबरोबर सगळी उमर काढली होती, आणि तो बिचारा तिच्यापर्यंत पोचलाच नसता.

"हसत होते," ती म्हणाली. "शुक्रवारी हसत होते. बाकीच्या दिवशी त्यांना दम लागायचा, अम्मी. लय. रात्री बसून झोपायचे. हसन सांगतो."

कोंबड्यांचा कलकलाट थांबला, की अम्मी आत गेली होती कुणास ठाऊक. मग ती म्हणाली, "फोनवर मधीच गप होयचे. मग बोलायचे, रेंज गेली." थोड्या वेळाने, "मी पण म्हणायचे, रेंज गेली."

"अम्मी, मला दिसले होते ते. त्या शुक्रवारी. जिन्यावर बसले होते, श्वास घेता येत नव्हता. मी वरून बघत होते."

"मग?"

"मग आत आले. दार लावलं."

अम्मी रागावेल असं तिला वाटलं, किंवा रडेल. अम्मीने फक्त लांब श्वास सोडला, गुडघे धरून खाली बसताना सोडायची तसा. "त्यांना कळला?"

"नाही. बेल वाजवली, आले, माझी थट्टा केली."

"हं. थट्टा करणारच." आणि मग, अगदी साध्या आवाजात, लहानपणी शाळेतलं काही विचारायची तसं, अम्मीने विचारलं, "तुला काय बोलायचा होता गो त्यांना? तिथे, वरून?"

बाहेर मशीन थांबलं होतं. निळ्या पडद्यातून आलेला उजेड पलंगावर, तिच्या हातांवर पडला होता. शब्द काही शोधावे लागले नाहीत, ते तिथेच होते, वापरले न गेलेले. फक्त आवाज फुटायला वेळ लागला, आणि फुटला तेव्हा तो खोलीला पुरेल त्यापेक्षा मोठा होता, दोन मजले खाली ऐकू जाईल एवढा.

"अब्बा, उठू नका. तिथेच बसा. मी खाली येते."